टॅम्पाचा क्युबन पाव आणि घरी दाबलेलं सँडविच

क्युबन सँडविच म्हणजे हॅम, डुकराचं मटण आणि चीज पावात भरून, दाबून भाजलेलं सँडविच. ते घरी करायचं असेल तर पैसे पावावर घाला, दाबायच्या मशीनवर घालू नका. कुठला पाव म्हणाल तर फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात, ईबोर सिटी या भागातल्या ला सेगुंडा बेकरीचा. हा रिव्ह्यू मुख्यतः त्या पावाचा आहे. पण पाव नुसता चांगला असून भागत नाही. त्यात काय भरता, कशावर दाबता आणि किती वेळ दाबता, त्यावर तो पाव कसा उतरतो हे ठरतं. म्हणून घरच्या कृतीसकट सगळं सविस्तर लिहितोय.

मी मूळचा वसईचा. आमच्याकडे लग्नाच्या आणि सणाच्या पंगतीत डुकराचं मटण असतंच, त्यामुळे फ्लोरिडात आल्यावर या सँडविचशी जमायला वेळ लागला नाही. लसूण, जिरं, आंबट रस आणि मंद आचेवर शिजलेलं चरबीदार मटण, यातलं काहीच परकं नव्हतं. नवीन होता तो पाव.

ला सेगुंडा ही 1915 सालची बेकरी. ईबोर सिटीत पंधराव्या रस्त्यावर तिची जुनी जागा आहे आणि आता शहरात इतरत्रही शाखा निघाल्या आहेत. हुआन मोरे नावाचा, स्पेनमधल्या कातालोनियाचा माणूस स्पॅनिश-अमेरिकन युद्धाच्या वेळी क्युबात होता. तिथे त्याने हा पाव पाहिला आणि पुढे टॅम्पात येऊन तोच धंदा केला. बेकरी आजही त्याच घराण्याकडे आहे. शनिवारी सकाळी रांग दारापर्यंत येते, पण ती भराभर सरकते. काउंटरवरच्या बायका स्पॅनिश आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात, आणि पाव लांबच लांब कागदी पिशवीत घालून देतात. पिशवीचं तोंड उघडंच असतं. ते मुद्दाम तसंच ठेवा, गाडीत बसल्यावर बंद करू नका. वाफ आत कोंडली की साल मऊ पडते आणि मग या पावात काही उरत नाही.

पाव सुमारे तीन फूट लांब. रंग फिका सोनेरी, ब्रूनसारखा तांबूस नाही. वरच्या अंगाला मधोमध एक चीर आणि त्या चिरेत चिकटलेली हिरवट-तपकिरी पानाची पट्टी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी कचरा राहिला. ते पामेटोचं पान असतं, म्हणजे फ्लोरिडात रानोमाळ उगवणाऱ्या बुटक्या ताडाचं. भट्टीत जाण्यापूर्वी कच्च्या पावावर त्या पानाची ओली पट्टी हाताने बसवतात. पाव फुगताना बरोबर त्या रेषेवर उकलतो. बाकीच्या बेकऱ्या जे काम ब्लेडने करतात ते इथे पान करतं, आणि ही चीर ब्लेडच्या चिरेसारखी टोकदार न होता मऊ, गोलसर कडांची होते. दाबताना त्या कडा करपत नाहीत, याचं श्रेय मी तरी त्या पानाला देतो. कापण्यापूर्वी पान ओढून काढायचं. ते खायचं नसतं.

साल अगदी पातळ. दोन बोटांनी दाबली तर पापुद्र्यासारखी तडकते आणि मांडीभर चुरा होतो. आतला भाग पांढरा, हलका, किंचित कोरडा, आंबूसपणा जराही नाही. कोरडेपणा हा इथे गुण आहे, कारण मटणाचा रस, मोहरीचा सॉस (मस्टर्ड) आणि काकडीच्या लोणच्याचं पाणी सगळं त्याला शोषायचं असतं. घरी आणल्यावर मी अंगठ्याने दाबून बघतो. ला सेगुंडाचा पाव हळूहळू पूर्ववत वर येतो. आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्येही क्युबन म्हणून लांब पाव मिळतो, तो दाबला तिथेच बसून राहतो आणि तव्यावर त्याची लापशी होते. दिसायला दोघे सारखेच, त्यामुळे नवीन माणूस फसतो.

पारंपरिक क्युबन पावात डुकराची चरबी असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कुठल्याही बेकरीत आधी विचारून घ्यावं. त्या थोड्याशा चरबीमुळेच पावाला ती पातळ साल आणि मऊ पोत येतो, आणि त्या चरबीमुळे दाबल्यावर बाहेरून तो बिस्किटासारखा खुसखुशीत होतो.

आता आत काय जातं ते. टॅम्पात हॅम, भाजलेलं डुकराचं मटण, जेनोआ सलामी, स्विस चीज, काकडीचं लोणचं आणि पिवळी मोहरी. बस. मायोनेज नाही, टोमॅटो नाही, लेट्यूस नाही. हॉटेलात विचारतात घालू का म्हणून, आणि घालून घेणारेही भेटतात, पण गरम दाबलेल्या पावात ओला टोमॅटो गेला की पाव आतून ओला होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही.

सलामीवरून टॅम्पा आणि मायामी यांच्यात कायमचं भांडण आहे. मायामीवाले सलामी घालत नाहीत आणि घातलेलं सँडविच क्युबन मानतही नाहीत. टॅम्पावाल्यांचं म्हणणं असं की हे सँडविच या रूपात आमच्याच गल्ल्यांत घडलं. ईबोर सिटी हे सिगार कामगारांचं गाव. व्हिसेंते मार्तिनेझ-ईबोर या कारखानदाराने 1885 मध्ये इथे जमीन घेतली, फ्लोरिडाच्याच 'की वेस्ट' बेटावरून सिगारचा धंदा हलवला, आणि मागोमाग क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलीतले इटालियन कामगार आले. कारखान्यात ओळीने बसून लोक सिगार वळायचे आणि उंच चौथऱ्यावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत. असल्या माणसांच्या जेवणाच्या सुट्टीत एका पावात सगळ्यांचं थोडं थोडं आलं. भाजलेलं मटण क्युबाचं, हॅम स्पेनचं, आणि सलामी इटालियन शेजाऱ्यांची, असं इथले लोक सांगतात. पाव तर दारोदार यायचा. घराच्या दाराजवळ खिळा ठोकलेला असे आणि पाववाला पहाटे पाव त्या खिळ्याला अडकवून पुढे जाई. काही जुन्या घरांच्या चौकटींवर ते खिळे अजून आहेत म्हणतात.

टॅम्पाच्या नगर परिषदेने 2012 मध्ये ठराव करून हे सँडविच शहराचं अधिकृत सँडविच म्हणून जाहीर केलं, सलामीसकट. मायामीत लिटल हवानामधल्या व्हर्साय रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे 1971 पासून चालू असलेल्या त्या आरशांच्या हॉलमध्ये, मी सलामीशिवायचं सँडविच आवडीने खाल्लंय. मटण जास्त, चव जास्त सरळ. तरी माझं मत टॅम्पाच्या बाजूने. सलामीतली मिरी आणि तिचा आंबट-खारट कस नसेल तर हॅमचा गोडवा जरा पुढे येतो.

मटणाची कृती मला शेजारच्या क्युबन आजींनी सांगितली. त्यांच्या अंगणात आंबट संत्र्याचं झाड आहे. फ्लोरिडात गोड संत्र्याची कलमं पूर्वी आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधत. वरचं कलम थंडीने मेलं की खालचा खुंट फुटतो आणि झाड आंबट संत्र्याचं होऊन बसतं. आजींचं झाड तसलंच. फळ खडबडीत सालीचं, बियांनी भरलेलं, रस लिंबापेक्षा सौम्य पण मागे कडसर चव ठेवणारा. झाड नसेल तर गोया कंपनीची नारांहा आग्रियाची, म्हणजे आंबट संत्र्याच्या रसाची बाटली मिळते, आणि तीही नसेल तर दोन भाग संत्र्याचा रस आणि एक भाग लिंबाचा रस. भारतात करणाऱ्यांनी हाच शेवटचा मार्ग धरावा. संत्रं मात्र आंबटसर घ्या.

दोनेक किलोचा खांद्याचा तुकडा, हाडासकट, वरची चरबी न काढता. लसणाचा एक अख्खा गड्डा, दोन चमचे जिरं, चमचाभर सुका ओरेगानो, मिरी आणि भरपूर मीठ. क्युबन घरांत हे लाकडी खलात कुटतात, मी आपल्या खलबत्त्यात कुटतो. जिरं आधी कोरडं भाजून घ्या. त्यात कपभर आंबट रस आणि पाव कप ऑलिव्ह तेल. याला मोहो म्हणतात. मटणाला सुरीने खोल भोसकून लसणाचा गोळा बोटाने आत सारायचा, उरलेलं वरून ओतायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दोन तमालपत्रं घालून, झाकून, 325 फॅरनहाइटवर म्हणजे साधारण 165 सेल्सिअसवर साडेतीन-चार तास, आणि शेवटी झाकण काढून चरबी कुरकुरीत होईपर्यंत.

सँडविचसाठी मटण त्याच दिवशी वापरू नका. गरम असताना त्याचे नुसते दोरे सुटतात. रात्रभर गार होऊ द्या, म्हणजे पातळ कापता येतं. भांड्याच्या तळाचा रस गाळून ठेवा, पुढे कामाला येतो.

आता मशीनचं. आमच्याकडे भेट म्हणून आलेलं एक पॅनिनी मशीन आहे, आत उंचवट्यांच्या पट्ट्या असलेलं. पट्टीखाली पाव करपतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फिका राहतो. शिवाय वरचं झाकण बिजागरीवर तिरकं बसतं, त्यामुळे मागची बाजू चेंगरते आणि पुढून हॅम बाहेर येतं. क्युबन सँडविच दाबायची खरी वस्तू म्हणजे प्लांचा, दोन सपाट, जड, तापलेल्या पत्र्यांची. सपाट पत्र्याचं आणि वरचं झाकण सरळ उचललं जाणारं मशीन मिळालं तर जरूर घ्या, पट्ट्यांचं फुकट मिळालं तरी या कामासाठी नको. मी त्यापेक्षा बिडाचा तवा वापरतो. सपाट, जाड, एकसारखा तापणारा. वजनाला बिडाचंच एक छोटं जड पॅन आणि त्यात फॉइलमध्ये गुंडाळलेली वीट.

पावाचे आठ-आठ इंचांचे तुकडे करा आणि आडवे चिरा, पण एका बाजूची साल जोडलेली राहू द्या. खालच्या अंगावर आधी हॅम, गोडसर साधं, धुराच्या वासाचं नको. पातळ चार-पाच काप, घड्या पाडून. त्यावर मटण, आणि मटणावर मघाचा रस चमचाभर, फक्त चमचाभर. मग सलामीचे तीन-चार काप, मग स्विस चीज. चीज सलामी आणि लोणच्याच्या मध्ये बसलं पाहिजे, म्हणजे ते वितळून दोघांना धरून ठेवतं. लोणच्याच्या चकत्या कागदावर टिपून कोरड्या करून घ्या. पिवळी मोहरी वरच्या पावाच्या आतल्या बाजूला, काठापर्यंत. कडक फ्रेंच मोहरी इथे शोभत नाही.

तवा मध्यम-मंद आचेवर चांगला तापू द्या आणि दुसऱ्या शेगडीवर ते छोटं पॅनही तापवा. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वरचं वजन गार असेल तर ते नुसतं चेपतं, भाजत नाही, आणि चीज मधोमध कच्चं राहतं. पावाला बाहेरून दोन्ही बाजूंना लोणी ब्रशने अगदी पातळ लावा. सँडविच तव्यावर, वर बटर पेपर, त्यावर तापलेलं पॅन आणि वीट. सुरुवातीला कापडाने धरून हातानेही दाबा, नाहीतर पाव एका अंगाला घसरतो.

मग कान द्या. आधी लोणी चरचरतं, मोठा आवाज येतो. दोन मिनिटांत तो आवाज खाली बसतो आणि कडेने चीजचा एखादा ओघळ तव्यावर येऊन जाळीदार तपकिरी होतो. तेव्हा उलटायचं. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं पुरतात. उंची निम्म्याहून कमी होते, रंग मधासारखा होतो आणि त्या पानाच्या चिरेची खूण वर सपाट रेघेसारखी दिसते. सुरीच्या टोकाने साल टोचून बघाल तेव्हा टक् असा आवाज आला पाहिजे. जड सुरीने एका दणक्यात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं कापा. सुरी पुढेमागे फिरवली तर साल तुटून निघते.

तिरक्या कापाच्या टोकाचा पहिला घास घ्या. साल कडकन मोडते, लगेच मऊ पाव, मग मोहरीचा झटका, आणि सगळ्यात शेवटी मटणातलं जिरं आणि लसूण. माझी बायको मूळची कोल्हापूरची, तिखटाशिवाय तिचं पान हलत नाही. तिने यात हिरवी मिरची घालून बघितली आणि स्वतःच काढून टाकली. मिरची आली की आंबट संत्र्याचा कडसर वास बुजतो.

घरचं जमलंय का हे ताडायला कोलंबिया रेस्टॉरंटमध्ये जाऊन या. ईबोर सिटीतलं, 1905 साली सुरू झालेलं, फ्लोरिडातलं सगळ्यात जुनं रेस्टॉरंट. त्यांचं सँडविच 1915 च्या कृतीचं आहे असं ते सांगतात आणि पाव ला सेगुंडाचाच. तिथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रमाण. हॅम भरपूर, मटण बेताचं, सलामी आणि चीज त्याहून थोडं. घरी आपण मटण इतक्या कौतुकाने केलेलं असतं की तेच जास्त कोंबलं जातं, मग सँडविच दाबलं जात नाही आणि आतून गार राहतं. कोलंबियाचं सँडविच बारीक दिसतं, पण प्रत्येक घासात सगळं येतं. फक्त सँडविचच खायचं असेल तर दुपारी जा, गर्दी कमी असते.

मुंबई-पुण्यात करणाऱ्यांसाठी थोडं. ब्रून घेऊ नका, त्याची साल जाड असते आणि दाबताना फुटून आतलं बाहेर येतं. लादी पाव सपाट होऊन चिकट होतो. बेकरीत पातळ सालीचा, लांबट, मऊ फ्रेंच लोफ मिळतो, तो एक दिवस शिळा करून वापरा. डुकराचं मटण वांद्र्याला आणि वसईला चांगलं मिळतं. खाटकाला खांद्याचा भाग मागा, आणि चरबी काढू नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर तो भल्या मनाने सगळी सोलून देतो. स्विस चीज मिळालं नाही तर एमेंटाल किंवा ग्रुयेर. प्रोसेस्ड चीजच्या चौकोनी चकत्या मात्र नकोत.

पावाबद्दल एकच कमी सांगायची तर तो टिकत नाही. सकाळचा पाव संध्याकाळी दाबायला सगळ्यात छान, दुसऱ्या दिवशीही दाबून चालतो, तिसऱ्या दिवशी काठी होते. पण हा चांगल्या साध्या पावाचा स्वभावच आहे, त्याबद्दल मी गुण कापत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर त्याच दिवशी तुकडे करून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा. बाहेर काढल्यावर मायक्रोवेव्ह करू नका, ओट्यावर तासभर ठेवा आणि सरळ तव्यावर घ्या. बेकरी दुसऱ्या राज्यांतही पाव पाठवते, ह्यूस्टन-शिकागोकडच्या मंडळींनी मागवावा. आला की त्याच दिवशी असेच तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा.

उरलेला तुकडा लांबीने चिरून, लोणी लावून, त्याच तव्यावर त्याच वजनाखाली दाबा आणि कडक काफे कॉन लेचेमध्ये, म्हणजे दुधाच्या कॉफीत बुडवून खा. ईबोरमध्ये सकाळचा नाश्ता हाच असतो, आणि चहात पाव बुडवून वाढलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. बेकरीत गेलात तर पावाबरोबर पेरूची पेस्ट्रीही घ्या. दुपारपर्यंत थांबलात तर ती संपलेली असू शकते.